गरिबाच्या दारची पवनचक्की : एका लाडक्या मताचे खंडन

काही मतांना विरोध करणे जड जाते, कारण ती भल्या माणसांची मते असतात. गरीब देशांतल्या खेडोपाडी लहान पवनचक्क्या उभ्या राहाव्यात, त्या तिथल्याच लोकांनी हाताने घडवाव्यात आणि त्यांच्या विजेने तिथले दारिद्र्य हटावे, हे असेच एक मत आहे. ते मांडणारे स्वार्थी नाहीत, अडाणी तर मुळीच नाहीत. अभियंते, सेवाभावी संस्था, विद्यापीठांतले संशोधक अशी मंडळी गेली चाळीस-पन्नास वर्षे ते निष्ठेने मांडत आली आहेत. ग्रामस्वराज्याच्या विचारावर वाढलेल्या मराठी वाचकाला तर ते ऐकताक्षणी पटते. मला ते पटत नाही. पवनऊर्जेवर माझे मनापासून प्रेम आहे, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या नावाने गरिबाला खोटे आश्वासन दिले जात असेल तर गप्प बसणे मला जमत नाही.

वादाची आपली जुनी रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो असा मांडावा की प्रतिपक्षाने मान डोलवावी.

पूर्वपक्ष असा. २०२२ साली जगात सुमारे ६८ कोटी माणसांच्या घरी वीज नव्हती. त्यांतली बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत होती. तिथवर तारा ओढणे सरकारांना परवडत नाही, आणि परवडले तरी त्यांना घाई नसते. वारा मात्र तिथे आधीच पोचलेला आहे. तो फुकट आहे. तो रात्रीही वाहतो, ढगाळ दिवसांतही वाहतो. सौर पॅनेल या दोन्ही वेळी हतबल असते. पवनचक्कीची लाकडी पाती सुताराला करता येतात, लोखंडी सांगाडा वेल्डरला जोडता येतो. स्कॉटलंडमध्ये स्कोरेग नावाची एक वस्ती आहे, जिथे रस्ता जात नाही. तिथे राहून ह्यू पिगट यांनी अशा घडणीची एक साधी, सुरेख पद्धत बसवली : चुंबकांच्या दोन तबकड्या आणि त्यांच्यामध्ये राळेत बसवलेली तांब्याच्या तारेची वेटोळी. आज कितीतरी देशांतल्या कार्यशाळांत हीच पद्धत शिकवतात. म्हणजे यंत्राचा पैसा गावात राहतो आणि कसबही गावातच मुरते. दिवा लागला की मुले अभ्यासाला बसतात, शिवणयंत्र चालते, दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे राहते. उत्पन्न वाढते, दारिद्र्य हटते. याला पुरावा हवा असेल तर मलावीतला एक शाळकरी मुलगा आहे, पेरूच्या अँडीज पर्वतातली एल अलुम्ब्रे ही वस्ती आहे, आणि चीनच्या इनर मंगोलियातल्या पशुपालकांच्या लाखाहून अधिक पवनचक्क्या आहेत.

हा पूर्वपक्ष भक्कम आहे. त्यातली बरीचशी विधाने सुटी घेतली तर खरीही आहेत. दोष आहे तो एका विधानावरून दुसऱ्यावर घेतलेल्या उड्यांमध्ये. त्या उड्या एकेक करून तपासू.

सुरुवात मलावीपासून करतो, कारण या मताला जगभर जे बळ मिळाले ते तिथून. विल्यम कामक्वाम्बा या मुलाने फी भरता न आल्यामुळे शाळा सोडली, गावच्या वाचनालयातल्या पुस्तकातल्या चित्रांवरून सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा पंखा आणि निलगिरीचे खांब जोडून पवनचक्की उभी केली आणि घरात दिवे लावले. २००९ साली त्यावर पुस्तक आले, २०१९ साली चित्रपट. त्या मुलाच्या बुद्धीला आणि जिद्दीला वंदन. पण प्रश्न त्याच्या थोरवीचा नाही, या कहाणीतून काय सिद्ध होते याचा आहे. २००१-०२ चा मलावीतला दुष्काळ विजेअभावी पडला नव्हता. पीक बुडाले होते आणि देशाचा राखीव धान्यसाठा विकला गेला होता. चित्रपटातली चक्की कोरड्या शेताला पाणी देते. प्रत्यक्षातल्या पहिल्या चक्कीने दिले ते काही बल्ब आणि रेडिओपुरती वीज. कामक्वाम्बांचे नाव जगभर झाल्यावर देणगीदारांच्या मदतीने त्यांच्या घरी खोल विहीर आणि ठिबक सिंचन आले, आणि त्या विहिरीवरचा पंप सौर ऊर्जेचा होता. ही गोष्ट सांगताना नेमका हा भाग का गळतो? जिला पवनचक्कीच्या बाजूची मुख्य साक्षीदार म्हणून उभे केले, तिने उलटतपासणीत साक्ष दिली ती शिक्षणाच्या, विहिरीच्या आणि सौर पंपाच्या बाजूने.

आता वाऱ्याकडे वळू. पूर्वपक्षाचा पाया असा की वारा सगळीकडे आहे. आहे, पण उपयोगी वारा सगळीकडे नाही. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला तर ऊर्जा निम्मी होत नाही, एक-अष्टमांश होते. वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. घरगुती मापाची, म्हणजे १.७ मीटर व्यासाची चक्की घ्या. पाती, जनित्र, बॅटरी अशा सगळ्या टप्प्यांतून वाऱ्यातल्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा हाती लागतो असे धरा. अशा यंत्रासाठी हा अंदाज कंजूष नाही. वाऱ्याचा वर्षभराचा सरासरी वेग सेकंदाला ५ मीटर असेल तर दिवसाला सुमारे दीड युनिट वीज मिळेल. सरासरी ४ मीटर असेल तर पाऊण युनिटाच्या थोडी वर. ३ मीटर असेल तर जेमतेम एक-तृतीयांश युनिट. आणि महाराष्ट्रातल्या उन्हात २०० वॅटचे एकच पॅनेल पत्र्यावर ठेवले, तर बॅटरीतला तोटा वजा जाता तेही दिवसाला पाऊण युनिटाच्या आसपास देते. त्याला दहा मीटरचा मनोरा लागत नाही, ताणाच्या तारा लागत नाहीत, फिरणारा एकही भाग त्यात नाही. सेकंदाला ३ मीटर आणि ५ मीटर या दोन वाऱ्यांतला फरक अंगावर घेऊन नीट सांगता येत नाही. हिशेबात तो साडेचारपटीचा निघतो. मग वर्षभर मोजमाप न करता गावात चक्की उभी करणारा काय करतो? तो गरिबाच्या पैशाने जुगार खेळतो.

इथे एक मुद्दा असा आहे ज्याकडे लहान यंत्रांचे पुरस्कर्ते नेहमी दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते सगळ्या वादाची गुरुकिल्ली तोच आहे. सौर पॅनेलला लहानपणाचा दंड बसत नाही. घरावरचे एक पॅनेल आणि वाळवंटातल्या प्रचंड प्रकल्पातले एक पॅनेल जवळजवळ सारख्याच कार्यक्षमतेने काम करतात. पवनचक्कीचे तसे नाही. जमिनीलगतचा वारा झाडे, घरे, बांध यांना घासून मंदावतो आणि विस्कटतो. अगदी मोकळ्या मैदानातही दहा मीटरवरच्या वाऱ्यापेक्षा शंभर मीटरवरच्या वाऱ्यात अडीच पटींहून अधिक ऊर्जा असते. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला ज्या महाकाय चक्क्या आपण पाहतो, त्यांची उंची दिखाव्यासाठी नाही. पवनऊर्जा परवडण्याची तीच अट आहे. चक्की लहान केली की तिला वाईट वारा मिळतो, आणि तोही कमी क्षेत्रफळावर. ब्रिटनसारख्या वाऱ्याच्या देशात इमारतींवर बसवलेल्या लहान चक्क्यांची वॉरविक येथून पद्धतशीर चाचणी झाली. २००९ साली जाहीर झालेला निष्कर्ष असा, की यंत्रे बंद राहिल्याचा काळ धरून त्यांनी सरासरीने आपल्या क्षमतेच्या एक टक्काही वीज दिली नाही. जिथे वारा आहे, पैसा आहे, सुट्या भागांचे दुकान हाकेच्या अंतरावर आहे, तिथली ही गत.

आणखी एक साधी गोष्ट. माणूस घर बांधतो ते वारा चुकवून. वस्त्या डोंगराच्या कुशीत, पाण्याजवळ, झाडांच्या आडोशाला वसतात. चक्कीला हवी ती जागा नेमकी उलट : उघडा माथा, दीडशे मीटरच्या परिघातल्या प्रत्येक अडथळ्याच्या दहा मीटर वर. गरिबाच्या दारची चक्की ही कल्पनाच या भूगोलाशी भांडते. एल अलुम्ब्रे ही कहामार्का प्रांतातली वस्ती समुद्रसपाटीपासून सुमारे ३८०० मीटरवर आहे. तिथे 'प्रॅक्टिकल अॅक्शन' या संस्थेच्या पेरूतल्या शाखेने २००७ पासून तीसेक घरांना प्रत्येकी १०० वॅटच्या चक्क्या दिल्या. काम प्रामाणिक होते, यंत्रही तिथल्याच गरजेतून घडवलेले होते. पण त्या उंचीवर हवाच सुमारे तीस टक्क्यांनी विरळ, म्हणजे ऊर्जाही तितकीच कमी. शिवाय विखुरलेल्या घरांपैकी ज्यांची घरे खोलगट जागी होती त्यांच्या वाट्याला शेजाऱ्यापेक्षा कमी वारा आला. एकाच गावात, एकाच योजनेत, सारखेच यंत्र घेऊन कुणाला उजेड जास्त मिळतो आणि कुणाला कमी. पुढे त्याच भागात जे प्रकल्प झाले त्यांत घरोघरच्या चक्कीऐवजी सामाईक वीजजाल, आणि जागेनुसार कुठे वारा, कुठे ऊन, कुठे ओढ्याचे पाणी, असा विचार आला. अनुभवाने शहाणपण आले. ते शहाणपण मूळ मताच्या विरुद्ध जाते, एवढेच मला दाखवायचे आहे.

यानंतरचा मुद्दा दुरुस्तीचा. मिनिटाला तीनशे फेरे घेणारी चक्की वर्षाचा निम्मा काळ जरी फिरली तरी वर्षाला सुमारे आठ कोटी फेरे घेते. एखादी मोटार एक लाख किलोमीटर चालली तर तिचे चाक पाच कोटी फेऱ्यांच्या आसपास फिरते. म्हणजे ही चक्की दर वर्षी दीड लाख किलोमीटर चालणारी गाडी आहे. ती उन्हापावसात दहा मीटर उंच उभी असते आणि वादळात तिला आडोसा मिळत नाही. असे यंत्र सर्वांत दुर्गम वस्तीतल्या सर्वांत गरीब कुटुंबाच्या हाती द्यायचे आणि म्हणायचे, आता हे तुमचे! निकाराग्वाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर 'ब्लू एनर्जी' या संस्थेने पिगट पद्धतीच्या चक्क्या ब्लूफील्ड्सच्या कार्यशाळेत बनवून वस्त्यांवर बसवल्या. स्थानिक तंत्रज्ञ घडवले, मन लावून काम केले. खारट दमट हवेने धातू गंजले, विजा कोसळल्या, वारा अपेक्षेपेक्षा मंद निघाला, आणि बिघाड झाला की तंत्रज्ञाला नावेने लांबचा प्रवास करावा लागला. शेवटी संस्थेने पवनचक्क्या थांबवल्या आणि सौर ऊर्जा धरली, आणि हे सारे उघडपणे जगापुढे मांडले. अपयश लपवण्याची रीत असलेल्या क्षेत्रात हा सचोटीचा दुर्मीळ नमुना आहे. शेफील्ड विद्यापीठाच्या जॉन सुमानिक-लीरी यांनी पेरू, निकाराग्वा आणि स्कॉटलंड यांची तुलना करून २०१३ साली प्रबंध लिहिला. त्या तुलनेतून एक प्रश्न पुढे येतो : स्कोरेगला चक्क्या चालतात, त्या का चालतात? तिथे वारा जोरकस आहे, आणि चार दशके हेच काम करणारा माणूस शेजारी राहतो. त्या माणसाचे आरेखन जगभर नेता आले. तो माणूस नेता आला नाही.

स्थानिक घडणीचा मुद्दा इतका लाडका आहे की त्याला हात लावताना मलाही संकोच होतो. पण पाहा. पाती आणि सांगाडा गावचा. चुंबक निओडायमियमचे, बहुतेक चीनमधून आलेले. तांब्याची तार बाहेरची, राळ बाहेरची, बेअरिंग बाहेरची, बॅटरी आणि नियंत्रक बाहेरचे. गावात राहते ती मजुरी, आणि ती महाग असते, कारण दहा-वीस यंत्रे बनवणाऱ्या कार्यशाळेला मोठ्या उत्पादनाची काटकसर साधत नाही. २००८ च्या सुमारास सौर पॅनेलची किंमत वॅटला चार डॉलरच्या आसपास होती. २०२० पर्यंत ती पाव डॉलरच्या जवळ आली. हाताने घडवलेल्या चक्कीची किंमत त्या काळात किती घटली? लाकूड, लोखंड आणि तांबे तेवढेच लागते. २००७ साली ज्याने चक्की निवडली त्याचा हिशेब तेव्हा कदाचित बरोबर होता. तोच हिशेब आज पुढे करणाऱ्याचा बरोबर नाही.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बलाढ्य साक्षीदार : इनर मंगोलिया. १९८० च्या दशकापासून तिथल्या पशुपालकांनी १०० ते ३०० वॅटच्या चक्क्या लाखाहून अधिक संख्येने घेतल्या आणि वापरल्या. लहान पवनचक्कीचे जगातले हे सर्वांत मोठे यश, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र यश कशाचे, हे विचारले पाहिजे. त्या चक्क्या गावात घडवलेल्या नव्हत्या. शांगदू इथल्या कारखान्यासारख्या ठिकाणी त्या एका साच्यातून निघत होत्या. सरकार प्रत्येक यंत्रामागे अनुदान देत होते. दुरुस्तीसाठी जिल्ह्या-जिल्ह्यात ऊर्जा सेवा केंद्रे होती. स्टेपच्या गवताळ मैदानात झाड नाही, टेकडी नाही. वारा अडवायला काहीच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : ज्या कुटुंबांनी चक्की घेतली त्यांच्याकडे विकायला मेंढ्या होत्या, लोकर होती. त्याच दशकात जनावरे सामूहिक मालकीतून कुटुंबांच्या हाती आली होती. पैसा आधी आला आणि चक्की नंतर. प्रतिपक्ष ज्याला कारण म्हणतो ते इथे कार्य आहे. शिवाय उन्हाळ्यात तिथला वारा पडतो, म्हणून त्याच पशुपालकांनी पुढे चक्कीच्या जोडीला पॅनेल घेतले. सीमेपलीकडच्या मंगोलियाने, तशाच मैदानात तशाच भटक्या कुटुंबांसाठी, २००० साली एक लाख तंबूंना वीज देण्याची योजना आखली, आणि ती प्रामुख्याने सौर पॅनेलवर उभी केली. तंबू हलला की पॅनेल गुंडाळलेल्या सामानाबरोबर हलते. वाऱ्याच्याच देशाने असा निवाडा दिला असेल तर आपण काय म्हणावे?

आतापर्यंतचे खंडन यंत्राचे झाले. खरे खंडन पुढे आहे, कारण समजा चक्की उत्तम चालली, तरी दारिद्र्य हटते का?

याचे उत्तर भावनेने द्यायचे नाही. मोजून पाहिलेले आहे. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात मायकेल अॅकलिन आणि सहकाऱ्यांनी एक क्षेत्रप्रयोग केला, तो २०१७ साली 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये आला. काही वस्त्यांना लहान सौर जालाची वीज देऊ केली, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना केली. घरांत दिवे लागले. काळ्या बाजारातल्या रॉकेलवरचा खर्च घटला. पण बचत, खर्च, नवे धंदे, कामाचे तास, मुलांच्या अभ्यासाची वेळ, यांपैकी कशातही पद्धतशीर फरक आढळला नाही. पश्चिम केनियात केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरिन वोल्फ्रॅम यांनी तर मोठ्या वीजजालाची जोडणी घरांना देऊन पाहिली, तरीही मध्यम मुदतीत कुटुंबांच्या आर्थिक स्थितीत अर्थपूर्ण बदल दिसला नाही. दिवा सूर्याचा असो, वाऱ्याचा असो की तारेचा, बल्बला त्याचे सोयरसुतक नसते. बाराबंकीच्या दिव्याने जे साधले नाही ते अँडीजमधला किंवा मलावीतला दिवा कसे साधणार?

प्रतिपक्ष इथे दक्षिण आफ्रिकेचा दाखला देईल, आणि तो योग्यच आहे. टॅरिन डिंकेलमन यांनी २०११ साली दाखवले की क्वाझुलु-नाताल प्रांतात वीज पोचल्यावर शंभरातल्या आणखी नऊ स्त्रिया रोजगारात आल्या. पण कशामुळे? वीज घरकामाला जुंपली गेली, ती स्वयंपाकात आली, आणि सरपणात जाणारा वेळ वाचला. विजेच्या शेगडीला हजार-दीड हजार वॅट लागतात. शंभर वॅटची चक्की तिथे काय करणार? ज्या विजेने दारिद्र्यावर घाव पडतो ती वीज किलोवॅटच्या मापातली असते, स्वयंपाकघरात, गिरणीत, विहिरीवर आणि शीतगृहात काम करणारी असते. मोबाइल चार्ज होतो, धूर कमी होतो, रात्रीची भीती कमी होते. या गोष्टी क्षुल्लक आहेत असे मी म्हणत नाही. माणसाला उजेडाचा हक्क आहे, उत्पन्न वाढो न वाढो. पण मग तो हक्क म्हणूनच मागावा. उजेडाला दारिद्र्यनिर्मूलनाचे नाव देऊ नये, कारण ते नाव दिले की रोजगार, बाजार, पाणी आणि जमीन यांचे प्रश्न निकालात निघाल्यासारखे वाटतात.

पाण्यासाठी पवनचक्की हा याच मताचा जुना अवतार. आपल्याशी त्याचा थेट संबंध येतो, म्हणून जरा थांबतो. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या अपारंपरिक ऊर्जा विभागाने '१२ पीयू ५००' या बारा पात्यांच्या, पाच मीटर व्यासाच्या पवनपंपाची प्रात्यक्षिके देशभर मांडली. ती शेतात रुजली नाहीत. दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाला देण्याची पद्धत आहे. मी दोष ऋतुमानाला देतो. महाराष्ट्रात वारा जोरात वाहतो तो जून ते ऑगस्ट, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर. तेव्हा आभाळातूनच पाणी पडत असते. पाणी हवे असते रब्बीला आणि त्याहून अधिक मार्च ते मे, जेव्हा विहिरी तळाला जातात. त्या काळात बहुतेक गावांत वाऱ्याचा तो जोर नसतो. आणि ऊन? तेव्हाच कडकडीत. शेतकऱ्याने पवनपंप नाकारून डिझेलचा आणि विजेचा पंप घेतला, आज तो सौर पंपासाठी अर्ज करतो, यात त्याचे चुकले कुठे? ज्या शेतकऱ्याला आपण शिकवायला निघालो होतो त्याला हा हिशेब आपल्याआधी कळला होता.

याच पवनपंपाने अमेरिकेची गवताळ मैदाने वसवली, हेही तितकेच खरे. १८५४ साली डॅनियल हॅलडेने स्वतः वाऱ्याकडे वळणारा पंप बनवला, आणि पुढे असे पंप लाखांनी उभे राहिले. फरक कामात आहे. तिथे पाणी जनावरांना पाजायचे होते. जनावराला पाणी थोडे लागते, रोज लागते, आणि त्या थोड्या पाण्याची किंमत मोठी असते. टाकी भरून ठेवली की चार दिवस वारा पडला तरी निभावते. उसाला किंवा कांद्याला लागणारे पाणी प्रचंड असते आणि त्याच्या एकेका लिटरची किंमत नगण्य. यंत्र तेच, पण एका कामाला ते सोन्याचे आणि दुसऱ्याला मातीचे. हे न पाहता यंत्राचा प्रचार करणे हे विज्ञान नाही.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मी निरुत्तर होऊन मान्य करतो. मोठे प्रकल्प गरिबाला वळसा घालून जातात. केनियात तुर्काना सरोवराजवळ ३१० मेगावॅटचा, ३६५ चक्क्यांचा प्रकल्प उभा राहिला. तिथली वीज चारशे किलोमीटरहून लांब तारेने देशाच्या मध्यभागाकडे निघाली, आणि ती तार सुरू झाली तेव्हा आसपासच्या पशुपालकांच्या वस्त्यांना त्यातला थेंबही मिळाला नाही. ज्या जमिनीवर प्रकल्प उभा आहे तिचे दस्तऐवज अनियमित असल्याचा निकाल तिथल्या न्यायालयाने २०२१ साली दिला. हा अन्याय आहे. पण या अन्यायावर उतारा म्हणून त्या पशुपालकाला शंभर वॅटची चक्की द्यायची? त्याच्या माथ्यावरून उंचावरचा उत्तम वारा दुसऱ्याने न्यायचा आणि दहा मीटरवरचा उरलासुरला वारा त्याच्या वाट्याला ठेवायचा, ही कसली समता? त्याला जमिनीचे भाडे मिळावे, उत्पन्नात हिस्सा मिळावा, त्याच्या गावात उपकेंद्र व्हावे. त्यासाठी लढणे कठीण आहे. चक्की वाटणे सोपे आहे, आणि या मताच्या लोकप्रियतेचे हे एक कारण आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

अखेरीस लहान यंत्रांच्या समर्थनार्थ अर्थतज्ज्ञ शूमाखरांचे नाव निघते. त्यांनी १९६६ साली स्थापन केलेल्या गटातूनच पुढे 'प्रॅक्टिकल अॅक्शन' उभी राहिली, आणि १९७३ च्या त्यांच्या पुस्तकाने लहानाचे सौंदर्य जगाला दाखवले. पण त्याच पुस्तकात त्यांनी म्हटले आहे की आज सर्वत्र अजस्राची पूजा चालली आहे म्हणून मी लहानाची बाजू घेतो; पूजा लहानाची सुरू असती तर मी उलट बाजूला उभा राहिलो असतो. त्यांचा आग्रह कामाला साजेशा मापाचा होता. सौर पॅनेलला लहान माप साजते, ओढ्यावरच्या लहान जलविद्युत यंत्रालाही साजते. वाऱ्याला ते क्वचितच साजते. शूमाखरांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचा तर्कही घ्यावा.

मग लहान पवनचक्कीला स्थानच नाही का? आहे, आणि ते सांगितल्याशिवाय माझी बाजू पुरी होत नाही. पॅटागोनियातल्या चुबुत प्रांतात मेंढपाळांची घरे एकमेकांपासून कोसांवर आहेत, वारा वर्षभर जबरदस्त आहे आणि हिवाळ्यात ऊन तोकडे आहे. तिथे पॅनेल एकटे पुरत नाही, चक्की हवीच. जिथे महिनोन्‌महिने आभाळ झाकलेले असते आणि त्याच महिन्यांत वारा सुटतो, अशा किनाऱ्यांवर आणि बेटांवर पॅनेलच्या जोडीला, एका घराऐवजी साऱ्या वस्तीला वीज देणारी, उंच मनोऱ्यावरची काही किलोवॅटची चक्की बॅटरीचा मोठा खर्च वाचवते. रखरखीत चराऊ प्रदेशात जनावरांच्या पाण्याला पवनपंप आजही उत्तम. या जागा खऱ्या आहेत, मात्र थोड्या आहेत, आणि त्या शोधाव्या लागतात.

प्रतिपक्षाला माझ्या काही अटी आहेत. मनोरा उभारण्याआधी त्याच उंचीवर पूर्ण एक वर्ष वारा मोजावा, आणि ते आकडे गावासमोर ठेवावेत. शेजारी २०० वॅटच्या पॅनेलचा हिशेब ठेवावा. दुरुस्ती करणारा माणूस एका दिवसात पोचेल अशा अंतरावर पगारावर असावा, आणि तो पगार यंत्राच्या किमतीत धरलेला असावा. देणगीदारांनी पैसे किती चक्क्या उभ्या केल्या यावर देऊ नयेत. पाचव्या वर्षी त्या चक्कीतून घरात किती युनिट आले, यावर द्यावेत. या अटींवर चक्की उभी करणाऱ्याशी माझा वाद नाही. ज्यांना या अटी जाचक वाटतात, त्यांनी हा जाच आजवर कोण सोसत आला आहे ते त्या त्या वस्तीत जाऊन विचारावे.